आईचं आडवं लुगडं

झिप लावलेली नऊवारी पाहिली की माझं डोकं फिरतं. कर्जत स्टेशनजवळच्या गल्लीत नाटकाचे कपडे भाड्याने देणारं एक दुकान आहे. तिथे ती हँगरला टांगलेली असते. निऱ्या आधीच घालून, शिवून, इस्त्री करून. पाय घालायचे, झिप ओढायची, झालं. खालापूरकडच्या फार्महाउसांवर लग्नं होतात, तिथे करवल्यांचा अख्खा ताफा असल्या नऊवारीत येतो आणि पाच मिनिटांत फोटोला उभा राहतो. मला गप्प बसता येत नाही. एका लग्नात मी एका मुलीला सांगितलं, की बाळ, तू नेसलेली नाहीस, तू आत शिरली आहेस. ती हसली आणि तिने माझ्याबरोबर सेल्फी काढला. घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, निवृत्त झालीस तरी तुझं खातं काही बंद होत नाही.

खातं म्हणजे वेशभूषेचं. कर्जतच्या एका शाळेत मी इतिहास शिकवत होते आणि निवृत्त होईपर्यंत गॅदरिंगचे कपडे माझ्याकडे होते. इतिहासाच्या बाईला मावळ्याच्या डोक्याला काय बांधायचं ते ठाऊक असणारच, असं मुख्याध्यापकांनी पहिल्याच वर्षी गृहीत धरलं. मला काही ठाऊक नव्हतं. पण नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही आणि घेतलेलं अर्धवट सोडणंही नाही. मी वाचलं, जुनी चित्रं पाहिली, संग्रहालयात काचेला नाक लावून बाराबंदीचे बंद मोजले. मग मुलांच्या मागे लागले. अंगरख्याला बटणं दिसली की मी ती तिथल्या तिथे कात्रीने काढायची आणि नाडीचे बंद शिवायची. मावळ्यांच्या मनगटावरची घड्याळं माझ्या खणात जमा व्हायची. एकदा पेशवाईतल्या बाईला तिच्या आईने फुग्याच्या बाह्यांचं पोलकं घालून पाठवलं होतं. मी त्या माउलीला भर गर्दीत सुनावलं, की ही बाही इंग्रजांच्या काळात आली, तुमची लेक चांगली शंभर वर्षं पुढे गेली आहे. पुढच्या वर्षी त्यांनी मुलीला नाटकात घातलंच नाही, कोळीनृत्यात घातलं.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं मी एक मोठा तक्ता केला. वर्गाची एक भिंत व्यापेल एवढा. सुरुवात कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यापासून, कारण आपल्या मुलांना चालत जाऊन पाहता येईल असा सगळ्यात जुना कपडा तोच. दगडातला असला तरी कपडाच. तिथे कमानीच्या बाजूला नाचणारी स्त्री-पुरुषांची जोडपी कोरली आहेत. डोक्याला भलं मोठं मुंडासं, कमरेला गुंडाळलेलं वस्त्र, शिवणीचा कुठे पत्ता नाही. तिथून पुढे उत्तरीय, मग अंगरखा, बाराबंदी, पागोटं, पगडी, मग धोतर आणि कोट, काळी टोपी, लेंगा, हाफपँट, टेरिकॉटची बेलबॉटम, जीन्स. वरच्या ओळीत पुरुष, खालच्या ओळीत बायका.

तक्ता काढताना एक गंमत लक्षात आली. पुरुषांचं वीतभर अंतरावर काही ना काही बदलत होतं. मुसलमानी अंमल आला की बदल, इंग्रज आला की बदल, गिरणी निघाली की बदल. खालच्या ओळीत मात्र लुगडं एकदा सुरू झालं ते भिंतीच्या दुसऱ्या टोकाजवळ जाईपर्यंत लुगडंच. मधे चोळी आली, चोळीचं पोलकं झालं, पोलक्याचा ब्लाउज झाला, पण खालचं ते नऊ वार कोणाला हलवता आलं नाही. आणि मग शेवटच्या हातभर जागेत मला गोल साडी, नायलॉन, पंजाबी ड्रेस, गाऊन, लेगिंग सगळं कोंबावं लागलं. इतक्या शतकांत झालं नाही ते आमच्या डोळ्यांदेखत झालं. मुलांना मी हे अभिमानाने सांगत असे. तक्त्यातली नऊवारीतली बाई घोट्यापर्यंत नेसलेली, नाकात नथ, खांद्यावरून शेला. फार देखणी काढली होती मी.

माझी आई त्या तक्त्यात नव्हती. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, फक्त माझ्या आलं.

आई पोशीरची. म्हणजे सासर पोशीर, माहेर कोंडाणे. आमची भातशेती, आणि भातशेतीतल्या बायका नऊवारी घोट्यापर्यंत नेसत नसत. त्या आडवं लुगडं नेसत. नऊ वार तेच, पण गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, कासोटा मागे घट्ट खोचलेला, पदर कमरेला आवळलेला. लावणीच्या चिखलात पोटरीभर पाय जातो, तिथे घोळदार निऱ्यांचं काय काम? आई त्यात वाकायची, धावायची, बांधावरून उडी मारायची, डोक्यावर भारा घेऊन ओढा ओलांडायची. चालताना तिच्या पोटऱ्यांवर दोन दोऱ्या ओढल्यासारख्या दिसत. लहानपणी मी तिच्या मागे चालायची तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्या पोटऱ्याच असत. तिचं तोंड मला आता आठवावं लागतं. त्या पोटऱ्या आठवाव्या लागत नाहीत.

आठवीला मी कर्जतच्या शाळेत गेले. वर्गात डॉक्टरांच्या, वकिलांच्या, दुकानदारांच्या मुली. त्यांच्या आया गोल साडी नेसत, आणि ज्या नऊवारी नेसत त्याही घोट्यापर्यंत, चापूनचोपून. त्या वर्षीच्या गॅदरिंगला मला राणीचं काम मिळालं, कारण मी उंच होते आणि पाठांतर पक्कं होतं. एका मैत्रिणीच्या काकूंनी त्यांचा शालू मला नेसवला. आई पोशीरहून बघायला आली. शेतावरून घरी जाऊन, अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, पण नेसली होती नेहमीसारखीच. तिला दुसऱ्या तऱ्हेने नेसता येतं तरी का, हा प्रश्न मला पडला नाही. ती पहिल्या रांगेच्या बाजूला जमिनीवर मांडी घालून बसली. कोणीतरी मागून हसलं. काय बोलून हसलं ते मला ऐकू आलं नाही, पण कोणाला पाहून हसलं ते समजलं.

घरी जाताना मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी येशील तेव्हा नीट नेसून ये.

पुढच्या वर्षी ती गोल साडी नेसून आली. कोणाकडून मागून आणली ते मला आजतागायत माहीत नाही. दोन्ही हातांनी साडी वर धरून ती शाळेच्या पायऱ्या चढत होती आणि दर पायरीवर थांबून खाली बघत होती. बांधावरून उडी मारणारी बाई. मला तेव्हा हायसं वाटलं. हे लिहायचं टाळता आलं असतं, पण वाटलं खरं तसंच.

त्यानंतर तिचे दोन वेश झाले. शेतात लुगडं, आणि कर्जतला, लग्नाकार्याला गोल. मी नोकरीला लागल्यावर दर दिवाळीला तिला गोल साडी घ्यायची. भारीतली घ्यायची. ती घडी मोडायची, मला दाखवायची आणि परत नीट घडी घालून ठेवायची. हळूहळू गावातल्या बायकांनीही लुगडं सोडलं. भाऊ फॅक्टरीत लागला, लावणीला मजूर येऊ लागले, आणि आईचं चिखलात उतरणं थांबलं तसं आडवं लुगडंही थांबलं. जुनी लुगडी एकेक करून गोधडीत गेली. मग ती पडली, कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वहिनीने तिच्यासाठी पुढून बटणं असलेले सुती गाऊन आणले. वहिनीचं काही चुकलं नाही. आईला खाटेवरून उठवायचं, बसवायचं, पुसायचं ते तीच करत होती आणि गाऊनाशिवाय ते जमलं नसतं. आई त्याला झगा म्हणायची. पोशीरला आता साठीपुढच्या सगळ्याच बायका गाऊनमध्ये दिसतात, खांद्यावर टॉवेल टाकून, त्या टॉवेलला पदर समजून. माझा तक्ता तिथे येऊन संपला होता.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी तिला भेटायला गेले होते. नेरळला उतरून रिक्षाने. वहिनी चहा टाकायला आत गेली तेव्हा आईने माझा हात धरला.

"मला झग्यात नेऊ नका गं," ती म्हणाली. "आन् गोल बी नको. माझं मला नेसवा."

कुठे न्यायचं आहे ते विचारायची गरज नव्हती. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, की काहीतरीच काय, तुला काय झालंय. तिने तिकडे लक्षच दिलं नाही. तिला एवढंच कळून घ्यायचं होतं, की नेसवणार कोण. वहिनी गोल साडीतच लग्न होऊन आलेली. शेजारच्या, तिच्या बरोबरीच्या, एकेक करून गेल्या होत्या. एक उरली होती, तिचे हात थरथरत. आईने माझ्याकडे पाहिलं. मावळ्यांचे बंद शिवणारी, शेकडो मुलींना नऊवारी नेसवणारी, दोन हजार वर्षांचा तक्ता भिंतीवर लावणारी तिची लेक. आणि त्या लेकीला आपल्या आईचं लुगडं येत नव्हतं.

येत नव्हतं म्हणजे कधी पाहिलंच नव्हतं. नेसलेली आई मी लाख वेळा पाहिली. नेसताना नाही. ती पहाटे नेसायची, दार लोटून, आम्ही उठायच्या आत. लग्नाआधी एकदा तिने मला शिकवते म्हटलं होतं. मी काय शेतात जाणार आहे का, असं म्हणून मी वेणी घालत बसले.

म्हणून मी शिकायला लागले. आठवड्यातून एकदा पोशीरला जायची. वहिनीने पेटीच्या तळातून गोधडीत जायचं राहून गेलेलं एकच लुगडं काढून दिलं, हिरव्यावर तांबड्या काठाचं, घड्यांवर विरलेलं. आई म्हणाली, दार लावून घे. मी लावलं. ती खाटेवर दोन उश्यांना टेकून बसली आणि मी तिच्यासमोर परकरावर, साठी उलटलेली, चष्मा लावून, हातात नऊ वार घेऊन उभी राहिले.

मला वाटलं होतं दोन वेळांत जमेल. शेवटी कासोटा तो कासोटा. पण शाळेतली आमची नऊवारी उभं राहून भाषण करायची होती, आणि ही काम करायची. आईचं सगळं माप हातावर. पदराला दोन हात आणि वर एक वीत सोडायची, मग गाठ. शाळेतल्या मुलींना बांधायची तशी मी गाठ बेंबीखाली बांधली. तिने मान हलवली.

"पोटावर नको, हाडावर बांध. पोट हलतं. हाड हलत नाय."

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तेव्हापासून पुढचं सगळं मी मुकाट्याने ऐकलं. खालचा काठ गुडघ्यावर येईल एवढं लुगडं कमरेशी दुमडून घ्यायचं, दुमड पोटाशी सपाट बसवायची, म्हणजे तिच्यात पानाची चंची राहते. निऱ्या थोड्याच, बोटाएवढ्या. त्यांतला मधला भाग मागे ओढून खोचायचा, आणि खोचताना श्वास सोडायचा, धरायचा नाही. मग ती म्हणायची, चाल. मी खोलीत चालायची. मग म्हणायची, बस. खुर्चीवर नाही, उकिडवी. माझे गुडघे त्यापुढे हात टेकायचे. मी खाटेचा पाय धरून जेमतेम अर्धी बसायची आणि मागून कासोटा सुटायचा, आणि आई हसायची. ऑपरेशननंतर मी तिला एवढी हसताना पाहिली नव्हती. दाराबाहेरून वहिनी विचारायची, काय चाललंय आत, आणि आई ओरडून सांगायची, मास्तरीण नापास झाली.

चौथ्या का पाचव्या खेपेला कासोटा टिकला. मी उकिडवी बसले, उठले आणि आईपुढे उभी राहिले. ती बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, तुझ्या पोटऱ्या माझ्याच हायत.

मी परकर सोडून साडीत आणि साडी सोडून सलवारीत गेले होते. ज्या पोटऱ्यांमागे मी चालत होते त्या माझ्याच पायाला होत्या, आणि मी त्या एकदाही उघड्यावर आणल्या नव्हत्या. मला रडू आलं. रडता रडताच मी तिला त्या गॅदरिंगचं विचारलं. नीट नेसून ये असं मी म्हटलं होतं, ते तुला आठवतं का, आणि तुला फार लागलं होतं का. इतकी वर्षं मी हे विचारलं नव्हतं.

आईने आठवतं अशी मान हलवली. ती म्हणाली, "तुला त्या काकूनं कासोटा सैल घातला व्हता. सगळा खेळ माझं ध्यान तिकडंच. आता सुटंल, मग सुटंल. तू काय बोललीस त्यातलं मला कायबी ऐकू आलं नाय."

मी राणी होऊन तिची लाज बाळगत होते, आणि ती खाली जमिनीवर बसून माझी लाज राखायची चिंता करत होती. मी तिच्या खाटेवर बसले. लुगडं तसंच अंगावर. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत ते सोडलं नाही, त्यातच वहिनीला भाजी चिरू लागले आणि त्यातच अंगणात जाऊन वाळत घातलेले गाऊन काढून आणले.

स्वतः नेसणं आणि दुसऱ्याला नेसवणं यांत डाव्याउजव्याचा घोळ होतो, म्हणून पुढची तालीम वहिनीवर झाली. तिला गुदगुल्या व्हायच्या. गाठ आवळली की ती कळवळायची आणि आई खाटेवरून सूचना करायची. वहिनीला शेवटी ते इतकं आवडलं की एकदा ती तशीच दळण आणायला निघाली होती, भावाने दारातून परत फिरवली. मी पुढचंही पाहून ठेवलं. कर्जतच्या बाजारात कापडाच्या जुन्या दुकानात जाऊन सुती नऊवारी मागितली. दुकानदाराने शिडी लावून वरच्या फळीवरून काढली, धूळ झटकली आणि विचारलं, कुठल्या देवीला नेसवायची आहे? आता नऊवारी देवीलाच लागते, माणसांत कोणी मागत नाही, असं तो म्हणाला. मी आईला लागते म्हणून सांगितलं. किती वय, असं त्याने कौतुकाने विचारलं. मी सांगितलं आणि पिशवी घेऊन निघाले.

आईला ती दाखवली. तिने काठावरून बोट फिरवलं, चांगली हाय म्हणाली. पण अंगाला कोंडाण्याचं लागेल, असंही म्हणाली.

हे मला ठाऊक होतं. आमच्यात बाई गेली की तिचं शेवटचं वस्त्र माहेरहून येतं. बाकीचे कितीही घालोत, ते वरून. अंगाला लागतं ते माहेरचं. आईचे भाऊ कधीच गेले होते, पण भाचा होता, माझा मामेभाऊ, आणि तो आणणार याबद्दल तिला शंका नव्हती. शंका मला यायला हवी होती. पण माहेराला काय आणायचं ते सांगायचं नसतं. तो त्यांचा मान. जिवंत माणसाच्या उशाशी बसून, तिच्या शेवटच्या लुगड्याची लांबी तिच्या भाच्याला कुठल्या तोंडाने सांगायची? मी सांगितलं नाही. गॅदरिंगच्या महिनाभर आधी घरोघरी याद्या पाठवणारी मी.

आई भात कापून झाल्यावर गेली. सकाळी चहा घेतला, वहिनीला म्हणाली पंखा बंद कर, आणि वहिनी बटणाकडून वळेपर्यंत संपलं होतं. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि कोंडाण्याची वाट पाहणं चाललं होतं.

मामेभाऊ बायकोला घेऊन मोटरसायकलवर आला. डोळे सुजलेले. आत्याच्या मांडीवर वाढलेला मुलगा तो, आता त्याचेही केस पिकले होते. त्याच्या बायकोने पिशवी माझ्या हातात दिली. पिशवीत पुठ्ठ्याचा खोका, खोक्यात साडी. जांभळी, सुती, बारीक जरीच्या काठाची. दुकानात सगळ्यात चांगली दाखवा म्हटलं, असं तो सांगत होता. मी ती उलगडली आणि उलगडताना हाताला लगेच कळलं. साडेपाच मीटर. सहा वार. गोल नेसायची साडी.

त्याचं काय चुकलं? त्याने जन्मात दुसरी साडी पाहिली नव्हती. त्याच्या आईनेही गोलच नेसली होती. मी ती साडी छातीशी धरून उभी राहिले. आतल्या खोलीत बायकांनी आईला अंघोळ घातली होती. पेटीवर मी आणलेली नऊवारी घडीत ठेवलेली होती. शेजारची ती थरथरत्या हातांची म्हातारी म्हणाली, की गोल गुंडाळ आणि तुझी वरून घाल, कोणाला काय दिसतंय. दुसरी म्हणाली, तुझीच नेसव, माहेरची वर टाक. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं. झगा नको, गोल नको, आणि अंगाला कोंडाण्याचं. आईने तीनच गोष्टी मागितल्या होत्या आणि त्यांतली एक मोडल्याशिवाय दुसरी होत नव्हती.

मी म्हटलं, हिला उभी धरा.

चौघीजणी पुढे आल्या. दोघींनी काखेत हात घातले, दोघींनी कमरेला धरलं. हाड मोडल्यापासून आई उभी राहिली नव्हती. तिचं डोकं वहिनीच्या खांद्यावर होतं. मी पदराला दोन हात आणि एक वीत सोडली, साडी पाठीमागून घेतली आणि गाठ हाडावर बांधली. पोटावर नाही. हाड शोधावं लागलं नाही, सगळीकडे हाडच होतं. मनात धरून चालले होते की साडी निऱ्यांपाशीच संपेल. मग कासोट्याला काय करायचं, पदर आखडता घ्यायचा की कासोटा नुसता टाचायचा, याचा विचार हात चालवता चालवता करत होते. काठ गुडघ्यावर आला. कमरेशी दुमड बसली. बोटाएवढ्या निऱ्या झाल्या, आणि हातात कापड शिल्लक होतं. मधला भाग मागे ओढला, तो पोचला. खोचला, बसला. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला आवळला.

बायकांतली एक म्हणाली, पुरलं गं.

पुरलं. मामेभाऊ दाराशी आला होता. त्याने आत्याला तशी, त्याने आणलेल्या साडीत, पोटऱ्या उघड्या, कासोटा घातलेली पाहिली आणि भिंतीला हात टेकला. आई मागत होती तशीच निघाली होती, तिन्ही गोष्टींसकट. मी मात्र हातातल्या टोकाकडे बघत राहिले. नऊ वार अंगावर आवळून दिवसभर चिखलात चालणारी माझी आई सहा वारांत मावली होती, आणि वर हातभर पदर उरला होता. ती साडी कमी पडायला हवी होती. एवढी तरी आई राहिलेली असायला हवी होती.